घरची पफ पेस्ट्री आणि तिचे गोड प्रकार

सायसाखर

क्रीमरोलच्या धाग्यावर चर्चा भलतीकडे जायला लागली म्हणून हा वेगळा धागा काढतेय. तिथे बऱ्याच जणांनी विचारलं होतं की पफ पेस्ट्री (खारी, पॅटीसचं असतं तसं पापुद्र्यांचं आवरण) घरी होते का, आणि होत असेल तर डोंबिवलीच्या एप्रिलमध्ये होते का. होते. फक्त एप्रिलमध्ये ती पहाटे साडेपाचला होते.

कृतीच्या आधी ती फुगते कशी ते सांगते, कारण ते कळलं की कृतीतल्या निम्म्या सूचना आपोआप समजतात. यात यीस्ट नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. पिठाचा थर, बटरचा थर, परत पिठाचा, परत बटरचा, असे शेकडो. ओव्हनच्या उष्णतेनं पिठातल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते. वितळलेलं बटर पिठाचे थर एकमेकांना चिकटू देत नाही, त्यामुळे वाफ एकेक थर उचलत जाते आणि तेवढ्यात तो थर भाजून ताठ होतो. बटर आधीच पिठात मुरलं असेल तर उचलायला वेगळे थरच उरत नाहीत. मग जे होतं ते चवीला चांगलं असतं, पण ती खुसखुशीत बिस्किटं झाली.

माप: मैदा २५० ग्रॅम, फ्रीजमधलं गार पाणी साधारण १२५ मिली, लिंबाचा रस १ चमचा, पिठात घालायला ३० ग्रॅम बटर आणि थरांसाठी २०० ग्रॅम बटर. साधं खारं बटर वापरणार असाल तर वेगळं मीठ नको, या मैद्याला लागतं तेवढं मीठ त्यातूनच येतं. बिनमिठाचं असेल तर ५ ग्रॅम मीठ. गोडासाठी मी बिनमिठाचंच घेते. लिंबानं पीठ सैलावतं, लाटताना मागे खेचलं जात नाही.

मैदा, ३० ग्रॅम बटर, पाणी, लिंबू एकत्र करून गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. नुसतं गोळा होईपर्यंत. झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. तोवर २०० ग्रॅम बटर दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून लाटण्यानं बडवून १५ सेंमीचा चौकोन करा. पीठ २२ सेंमीच्या चौकोनात लाटा, त्यावर बटर तिरकं ठेवा आणि चारी कोपरे पाकिटासारखे आत घेऊन कडा चिमटून बंद करा. आता एकाच दिशेनं लांब लाटायचं, १५ बाय ४५ सेंमी, आणि पत्र घालतो तशी तिहेरी घडी. ९० अंशात वळवून परत लाटायचं, परत घडी. दोन घड्या झाल्या की अर्धा तास फ्रीज. अशा एकूण सहा घड्या. दर घडीला थर तिप्पट होतात, म्हणजे सहा घड्यांत बटरचे ७२९ थर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पीठ आणि बटर सारख्याच मऊपणाचं हवं. बटर कडक आणि पीठ मऊ असेल तर लाटताना आत बटरचे तुकडे पडतात, पेस्ट्री कुठे फुगते कुठे नाही. बटर मऊ आणि पीठ कडक असेल तर बटर कडेनं बाहेर येतं. बटर १३ ते १६ डिग्रीला असताना वाकवलं तर मोडत नाही आणि बोटालाही चिकटत नाही, तेव्हाच लाटायला घ्या. फ्रीजमधून थेट काढलेलं चालत नाही, पाच-सात मिनिटं थांबावं लागतं. मुंबईत तीनच.

ओव्हन २२० वर पूर्ण तापलेला हवा. पहिली १५ मिनिटं दार उघडायचं नाही. मग १९० वर आणून रंग गडद बदामी होईपर्यंत. आपल्याकडे फिकट असतानाच बाहेर काढायची घाई होते आणि आतले थर कच्चे राहतात.

गोडाचे प्रकार खाली प्रतिसादांत लिहीन.

---

मुलुंडकर

मस्त पाककृती, वाचनखूण साठवली. पण प्रामाणिक प्रश्न, फ्रोझन शीट मिळतात की आता. एवढा उद्योग कशाला?

---

सायसाखर

मिळतात, आणि खारे पॅटीस करायला मीही आणते. पाकिटावर घटक वाचा मात्र. बहुतेकांत बटर नसतं, मार्जरीन (तेलापासून केलेला बटरचा पर्याय) किंवा वनस्पती तूप असतं. ते उन्हाळ्यातही घट्ट राहतं म्हणून कारखान्याला आणि बेकरीला सोयीचं. तोंडातही पटकन वितळत नाही, टाळूला मेणाचा लेप बसल्यासारखं वाटतं. तिखट बटाट्याच्या सारणात ते झाकलं जातं. साखर आणि व्हॅनिलाबरोबर नाही झाकत.

---

पीठमळे

मी काही वर्षं बेकरीत काम केलंय म्हणून थोडी भर. मार्जरीनला सरसकट विष म्हणू नका. जानेवारी २०२२ पासून एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला घातक चरबीची, मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे, त्याआधी वर्षभर ती ३ टक्के होती. त्यामुळे 'बेकरीची खारी म्हणजे ट्रान्स फॅट' हे समीकरण पूर्वी होतं तसं आता राहिलेलं नाही. चवीबद्दल सायसाखर म्हणतात ते शंभर टक्के खरं.

आणि बटर घट्ट राहत नाही म्हणूनच ते शिकायला चांगलं. मार्जरीन तुमच्या चुका पोटात घालतं.

---

रत्नांग्रीची_आजी

मुलींनो, वाचून गंमत वाटली. हा तर आमचा साटा! तूप फेसून त्यात तांदळाची पिठी घालायची, तीन पोळ्यांना लावून एकावर एक ठेवायच्या, घट्ट वळकटी करायची, कापायच्या, लाटायच्या, मंद तुपात तळायच्या. चिरोटे. साट्याच्या करंज्याही तशाच. पापुद्रे मोजायला कोणी बसत नाही एवढंच. साटा लावूनच ही पेस्ट्री का करत नाही? तेवढंच बटरचं फ्रीजमध्ये आत-बाहेर वाचेल.

---

सायसाखर

आजी, हा प्रश्न कोणीतरी विचारावा अशी वाटच बघत होते. साट्याची भाजून होते, मी करते. पण उंच फुगत नाही, पसरट आणि ठिसूळ होते. खारी आणि चिरोट्याच्या मधलं काहीतरी. कारण पीठमळे नीट सांगतील.

---

पीठमळे

दोन कारणं. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं. म्हणजे वाफेचा एक साठा गेला. पण ते दुय्यम, कारण वनस्पती तुपातही पाणी नसतं आणि त्याची खारी फुगतेच, पिठातल्या पाण्यावर.

खरं कारण म्हणजे तूप लाटलं जात नाही. गार असताना ते रवाळ आणि कडक, जरा ऊब लागली की पातळ. लाटण्याखाली अखंड पातळ पडदा होऊन पसरणं त्याला जमत नाही. म्हणूनच आपल्याकडे ते फेसून त्यात पिठी घालायची पद्धत पडली असावी. पिठी तूप धरून ठेवते, वाहू देत नाही, आणि तांदळात ग्लूटेन (गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) नसल्यानं दोन पोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत. अगदी डोकेबाज उपाय आहे. पण साटा लावून सहा घड्या घातल्या तर तो पिठात मुरतो. त्याला एक वळकटी आणि गरम तूप हेच मानवतं, तळताना थर चटकन सुटतात. ओव्हनच्या कोरड्या हवेत तेवढे सुटत नाहीत.

---

नागपुरी_ऊन

इथे मे महिन्यात ४५. नळाचं पाणी थेट चहाला चालेल. फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवेपर्यंत बटरचं सूप. आमच्यासारख्यांनी काय करायचं, हिवाळ्याची वाट बघायची?

---

सायसाखर

हो 😀 खरंच सांगतेय. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या पहाटेसारखी जागा नाही या कामाला. तेव्हा दुप्पट-तिप्पट करून चार घड्यांवर थांबायचं, चपटं करून घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकायचं. दोन-तीन महिने छान राहतं. लागेल तेव्हा आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये आणायचं, शेवटच्या दोन घड्या सकाळी.

उन्हाळ्यातच हवी असेल तर:

ग्रॅनाइटच्या ओट्यावर आधी दहा मिनिटं बर्फाचे तुकडे भरलेलं मोठं ताट ठेवायचं, मग पुसून कोरडा करून लाटायचं. लाकडी पोळपाट गारवा धरत नाही, त्याचा नाद सोडा. लाटणं फ्रीझरमध्ये ठेवा. एका वेळी १२५ ग्रॅम मैद्याचंच करा, छोटा तुकडा लवकर गार होतो आणि लवकर लाटून होतो. दोनाऐवजी दर घडीनंतर फ्रीज. आणि सहा तिहेरी घड्यांऐवजी चार चौहेरी घाला: दोन्ही कडा मध्यावर आणून पुस्तकासारखं मिटायचं. २५६ थर होतात, गोडाला भरपूर झाले, आणि दोन वेळा हाताळणं वाचतं.

नाहीतर सरळ झटपट पद्धत. २०० ग्रॅम बटरचे सुपारीएवढे तुकडे करून फ्रीझरमध्ये कडक करायचे, मैद्यात नुसते घोळवायचे, कुस्करायचे नाहीत, गार पाण्यानं कसंबसं एकत्र आणायचं. दिसायला भयंकर दिसतं, बटरचे तुकडे बाहेर डोकावत असतात. तसंच लाटून चार तिहेरी घड्या घातल्या की सरळ होतं. फुगते थोडी कमी, पण टर्नओव्हर (सारण भरून दुमडलेली पेस्ट्री), टार्ट (वाटीसारखी पेस्ट्री) यांना उत्तम.

---

हापूसवेडी

तोंडाला पाणी सुटलं! माझा आवडता प्रकार सांगते, आंब्याच्या दिवसांत हमखास होणारा. फ्रेंच लोक ज्याला मिलफॉय म्हणतात, म्हणजे पेस्ट्रीच्या सपाट तुकड्यांमध्ये सारण, त्यात आम्रखंड.

पेस्ट्री ३ मिमी जाड लाटून काट्यानं सगळीकडे टोचायची. ट्रेवर बटर पेपर, त्यावर पेस्ट्री, वर परत बटर पेपर आणि वर दुसरा जड ट्रे उपडा न करता तसाच. १९० वर पंचवीसेक मिनिटं. आपण एवढे थर करून त्यांना फुगू देत नाही हे विचित्र वाटतं, पण इथे उंची नको असते, सपाट आणि कडकडीत तुकडा हवा असतो. मग वरचा ट्रे काढून पिठीसाखर चाळणीनं भुरभुरायची आणि २२० वर साखर वितळून चकाकेपर्यंत ठेवायची. इथे ओव्हनसमोरून हलू नका, अर्ध्या मिनिटात जळते. हा साखरेचा काचेसारखा थर नुसता दिखाऊ नाही, तो सारणातला ओलावा पेस्ट्रीत शिरू देत नाही.

चक्का रात्रभर टांगलेला, अगदी घट्ट, ३०० ग्रॅम. हापूसचा रस १५० ग्रॅम, पण नॉनस्टिकमध्ये आटवून निम्मा केलेला आणि पूर्ण गार. पिठीसाखर चवीप्रमाणे, वेलची नको, केशर थोडं. विकतचं आम्रखंड सैल असतं, ते दाबल्यावर बाजूनं बाहेर येतं.

पेस्ट्री आधी कापायची, दातेरी ब्रेडच्या सुरीनं, मग भरायची. भरून कापायला गेलात तर आम्रखंड ताटात आणि पेस्ट्री हातात. आणि पाहुणे जेवायला बसले की भरायची, त्याआधी नाही.

---

बिनअंड्याचा_बाब्या

बरं झालं, यात अंडं नाही. बाकी सगळीकडे कस्टर्ड म्हटलं की अंड्याचे बलक. आणि वरून चकाकी आणायलाही अंडं. पर्याय?

---

सायसाखर

पर्याय तुमच्या फडताळात आहे: कस्टर्ड पावडर. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं १८३७ मध्ये ती केली तीच मुळी बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. कॉर्नफ्लोअर, रंग, वास. डब्यावरच्या मापापेक्षा जास्त घ्या, अर्धा लिटर दुधाला ५० ग्रॅम, ८० ग्रॅम साखर. सतत ढवळत उकळी आल्यावर आणखी मिनिटभर शिजवा, नाहीतर पिठूळ लागतं. उतरवून ३० ग्रॅम बटर. गार करताना प्लास्टिकचा कागद थेट कस्टर्डला टेकवून ठेवा, साय धरत नाही. वापरताना घोटून घ्या.

चकाकीला दूध आणि चिमूटभर साखर. अंड्याइतका रंग येत नाही. मी शेवटी गरम असताना मधाचं पाणी फिरवते. दूध असो की अंडं, फक्त वरच्या बाजूला लावा. कापलेल्या कडेवर ओघळलं तर तिथले थर चिकटतात आणि पेस्ट्री एका बाजूला कलते.

---

लिस्बनची_चाळ

नेहमी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. आजींचा चिरोटा वाचून उडालोच. इथले पास्तेल द नाता, म्हणजे कस्टर्डचे छोटे टार्ट, याच हातवळणीचे आहेत. बटर लावून घड्या घातलेली पेस्ट्री पातळ लाटतात, तिची घट्ट वळकटी करतात, फ्रीजमध्ये कडक झाली की अंगठ्याएवढे तुकडे कापतात. तुकडा कापलेल्या बाजूवर उभा साच्यात ठेवायचा आणि ओल्या अंगठ्यानं मध्यातून दाबत दाबत कडेपर्यंत चढवायचा. तळ पातळ, कड जरा जाड. भाजल्यावर तळाला चिरोट्यासारखी चक्रं दिसतात. कोणाचं कोणाकडून आलं वगैरे माझा दावा नाही, पण आईनं पहिल्यांदा बघितल्यावर तिचा शब्द होता "हे तर चिरोटेच, वाटीत बसवलेले".

लिस्बनच्या बेलें भागातलं याचं प्रसिद्ध दुकान १८३७ पासूनचं आहे (बर्डचंच साल, बघा). तिथली कृती गुप्त, त्यामुळे ही घरगुती: १०० मिली पाणी, २०० ग्रॅम साखर, लिंबाची साल, दालचिनीचा तुकडा यांचा पाक, तार यायला नको. २५० मिली दुधात ३० ग्रॅम मैदा कालवून शिजवून घट्ट करायचा, त्यात पाक बारीक धारेनं, कोमट झाल्यावर ५ बलक. गाळून साच्यात पाऊण भरायचं. ओव्हन जेवढा तापेल तेवढा, २५० तरी, वरच्या कप्प्यात. वर काळे डाग पडायलाच हवेत, ते जळलेलं नाही.

---

रत्नांग्रीची_आजी

तुझ्या आईला नमस्कार सांग. चिरोटा दोन तऱ्हेनं लाटतात बघ. कापलेली बाजू वर ठेवून दाबला तर चक्र दिसतं, आडवा ठेवून लाटला तर लांब पापुद्रे. तुमचा तो पहिल्या तऱ्हेचा.

---

इतिहासाचा_किडा

थरांची पेस्ट्री क्लोद लोरँ या चित्रकारानं शोधली अशी गोष्ट सगळीकडे फिरते. चित्रकार खरा, १७ व्या शतकातला, पण पेस्ट्रीची गोष्ट दंतकथाच समजा. फ्रेंच स्वयंपाकी ला वारेनच्या १६५१ च्या पुस्तकात घड्या घातलेल्या पेस्ट्रीची कृती सापडते. पुढे कारेम या फ्रेंच स्वयंपाक्यानं (मृत्यू १८३३) तिचे मोठे देखणे प्रकार लोकप्रिय केले.

गोडात एक राहिलं: ६ जानेवारीच्या सणाला फ्रान्समध्ये 'राजांचा केक' करतात. पेस्ट्रीच्या दोन चकत्या, मध्ये बदामाचं सारण आणि त्यात लपवलेली एक छोटी वस्तू, पूर्वी घेवड्याचं बी, आता चिनी मातीची बाहुली. ज्याच्या वाट्याला ती येते तो दिवसभर राजा. सारण सोपं आहे: बटर, पिठीसाखर, बदामाची पूड प्रत्येकी १०० ग्रॅम, २ अंडी.

---

मुलुंडकर

फ्रोझन शीटवाला मी, रविवारी घरी केली. थर दिसत होते, पण ओव्हनमध्ये गेल्यावर ट्रेभर बटरचं तळं. पेस्ट्री त्यात तळली गेली. कुठे बिनसलं? ओटीजी (विजेचा लहान ओव्हन) आहे, २२० लावला होता.

---

पीठमळे

दोनपैकी एक. एक, ओव्हन २२० नव्हता. लहान ओटीजीचा दिवा विझला म्हणजे तो तापला असं नसतं. आणखी दहा-पंधरा मिनिटं द्या, ओव्हन थर्मामीटर मिळालं तर आणा. भाजायचा ट्रेही आत तापलेला असू द्या. कमी आचेत बटर आधी वितळून वाहतं, वाफ नंतर येते. दोन, कापून आकार दिल्यावर थेट आत टाकली. आकार दिलेली पेस्ट्री वीस मिनिटं फ्रीजमध्ये कडक करून मगच आत.

थोडंसं बटर सुटणारच. तळं नाही व्हायला पाहिजे.

---

सायसाखर

+१. आणि कातरण टाकू नका हो कोणी! गोळा करून मळायची नाही, मळलं की थर गेले. तुकडे एकावर एक रचून लाटायचे.

त्याचे पामिए, म्हणजे साखरेची कुरकुरीत बिस्किटं, करा. ओट्यावर मैद्याऐवजी साखर पसरून लाटायचं, दोन्ही लांब कडांनी गुंडाळत मध्यावर आणायचं, गार करून १ सेंमीचे काप. २०० वर दहा-बारा मिनिटं, मग उलटून आणखी पाचेक. खालची साखर कॅरमल होते. बाजारात 'लिटल हार्ट्स' मिळतात त्यांचा थोरला भाऊ म्हणा. माझी मुलं मिलफॉयला हात लावत नाहीत आणि हे डब्यात उरत नाहीत.

क्रीमरोललाही कातरण चालते. साच्याला तूप लावून २ सेंमी रुंद पट्ट्या एकमेकींवर अर्ध्या चढवत गुंडाळायच्या, साच्याच्या तोंडावरून पट्टी बाहेर जाऊ द्यायची नाही, नाहीतर भाजल्यावर साचा सुटत नाही.

---

हापूसवेडी

पावसाळ्यात माझ्याकडे दुसऱ्या दिवशी सगळं सादळतं, हवाबंद डब्यातही.

---

सायसाखर

न भरलेली असेल तर १५० वर आठ-दहा मिनिटं, जाळीवर गार करायची. परत कुरकुरीत होते. खारी दोनदा भाजतात ती याचसाठी, पूर्ण वाळवून. भरलेली सादळली तर चमच्यानं खायची, दुसरा इलाज नाही.

---

नागपुरी_ऊन

शेवटचा प्रश्न. कापायला शंकरपाळ्यांचं कातणं चालेल का? नक्षीदार कड येईल.

---

पीठमळे

नको. कातणं कड दाबून चिकटवतं, आणि नेमकी तीच कड उघडायला हवी असते. मोठी धारदार सुरी घ्या, वरून सरळ खाली दाबा, ओढू नका. पिझ्झा कटर नवा असेल तर तोही चालेल.